शांतवन, तू त्याचंच खरं केलंस

शांतवन,

तुला अजून माती दिली नव्हती, आणि तुझ्याच ओट्यावर उभा असलेला एकजण माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बोल्ला होता ना तो, नाताळाच्या आत म्हनून? झालं ना मंग खरं?" त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. पैज जिंकलेल्या माणसाचा आनंद होता. मला त्याची गचांडी धरावीशी वाटली. धरली नाही, कारण आत मार्थावहिनी तुझ्या उशाशी बसल्या होत्या. आणि खरं सांगतो, त्या माणसापेक्षा मला तुझाच जास्त राग आला होता. आयुष्यभर ज्या गोष्टीविरुद्ध तू बोललास, तिचा सगळ्यात मोठा पुरावा होऊन तू पांढऱ्या चादरीखाली निजला होतास. वाद घालून तुला डोणगावात कुणी हरवू शकलं नसतं. तू मरून हरलास.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहितात, हे मला कळतं. मीही लिहीन, मध्येमध्ये, जमेल तसं. पण आधी मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि या खेपेला तुला मध्येच तोंड घालता येणार नाही.

आपली जोडी गावाला ठाऊक होती. तू पाळक, मी औषधांचा दुकानदार. तू येशूचा, मी बौद्ध घरातला. दुपारी माझ्याकडे गिऱ्हाईक नसतं. तेव्हा तू यायचास, काउंटरच्या आतल्या बाजूला स्टूल ओढून बसायचास, आणि चहा यायच्या आधीच तुझा विषय सुरू व्हायचा. तुझा विषय एकच. येशूनंतरच्या पहिल्या शे-दोनशे वर्षांत ख्रिस्ती मंडळ्यांमधून जे संदेष्टे उठले ते कोण होते, देव त्यांच्या तोंडून बोलतो हे लोकांनी कशावरून मानलं, आणि त्यातला खोटा कसा ओळखला. तू हे पाळकीच्या शिक्षणात शिकला होतास. तुझ्याबरोबरच्या सगळ्यांनी परीक्षा देऊन ते सोडून दिलं. तुला मात्र ते चिकटलं. मला काय घेणंदेणं होतं त्याच्याशी? पण तू बोलायला लागलास की मी गोळ्यांची पाकिटं लावता लावता ऐकायचो, आणि ऐकता ऐकता भांडायचो.

"काऊन बे शांतवन, घुमवून फिरवून ज्योतिषीच ना तो?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"ज्योतिषी कायले?" तू एकदम उसळलास. "ज्योतिषी तुले उद्याचं सांगते. संदेष्टा आजचं सांगते. मंडळी उभी राह्यली पाह्यजे, खचलेल्याले धीर भेटला पाह्यजे, रडनाऱ्याचं सांत्वन झालं पाह्यजे, त्याच्यासाठी देव त्याले बोलवते. प्रेषितानं बायबलातल्या पत्रात तेच तं लिहून ठेवलं हाये."

"अन् भविष्य?"

"येते कधीमधी. पन ते सांगनं त्याचं मुख्य काम नाई."

त्यातलं एक मला कायमचं पटलं, ते आजही पटतं. तू म्हणालास की खरा संदेष्टा वाईट सांगतो ते खोटं ठरावं म्हणून सांगतो. शहर बुडेल असं तो ओरडतो, लोक सुधारतात, शहर वाचतं, आणि संदेष्टा खोटा पडतो. तोच त्याचा विजय. ज्याला आपलं बोलणं खरं ठरल्याचा आनंद होतो, त्याच्यात देव नाही. हे ऐकून मी तुला एक चहा जास्तीचा पाजला होता, आठवतं?

आणि ती जुनी नियमावली! मंडळीनं कसं वागावं हे सांगणारी, अगदी सुरुवातीच्या काळातली. तिच्यावरून आपण किती हसलो असू. गावोगाव फिरणारा संदेष्टा दारात आला तर त्याला देवमाणूस समजून घरात घ्या. एक दिवस राहू दे, अडचण असेल तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा. देवानं सांगितलंय मला पैसे द्या, असं म्हणाला तर खोटा. आणि सगळ्यात मजेदार म्हणजे, अंगात आत्मा असताना 'ताट वाढा' असं म्हणाला आणि त्याच ताटावर जेवायला बसला, तर खोटा. मी म्हणालो, "हे काय लिवायची गोष्ट हाये का? असं कोन करीन?" तू म्हणालास, "कोनीतरी केलं असन म्हनून तं लिवलं."

त्याच नियमावलीत आणखी एक वाक्य होतं, त्यावर मात्र आपलं कधीच जमलं नाही. आत्म्यात बोलणाऱ्या संदेष्ट्याची परीक्षा पाहू नका, ते मोठं पाप आहे, असंही तिथं सांगितलेलं. मी म्हणायचो, इथंच तुमची गाडी फसते. आमच्याकडे कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासा, असं शिकवतात. तुमच्याकडे एका हातानं परीक्षेचे नियम द्यायचे आणि दुसऱ्या हातानं परीक्षाच बंद करायची. तू डोकं खाजवायचास. मग एके दिवशी दुकानाच्या पायरीवरूनच ओरडत आलास, "भेटलं! तो बोलत असतानी त्याचं तोंड नको पाहू. त्याचे पाय पाह्य. कुठी जाते, कोनाच्या घरी राह्यते, कोनाकून काय नेते. पारख शब्दाची नाई, चालीची हाये." मी म्हणालो की ही पळवाट आहे. तू म्हणालास की हाच रस्ता आहे. त्याचा निकाल आपण लावला नाही. आता तो मी एकट्यानं कसा लावू?

तू नुसता बोलणारा नव्हतास, हे मान्य करतो. तुझ्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये तू पारखेचा रिवाज पाडलास. असा रिवाज मी दुसरीकडे कुठं ऐकला नाही. प्रेषिताच्या पत्रात सांगितलं होतं की दोघा-तिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी पारख करावी. बाकीच्या मंडळ्यांमध्ये ते नुसतं वाचतात, तू ते करायला लावलंस. रविवारी तुझा संदेश संपला की तू खाली येऊन पहिल्या बाकावर बसायचास आणि मंडळीतलं कुणीही उठून सांगायचं, काय पटलं, काय चुकलं. तुला उत्तर द्यायची मुभा नव्हती. मी दारापाशी चपलांजवळ बसून तुझी वाट पाहायचो, म्हणून मी ते पाहिलंय. भाजी विकणाऱ्या एका म्हातारीनं एकदा उठून सांगितलं, "पाळकबुवा, संदेश चांगला होता, पन मधातून तुमी आपल्या भावावरचा राग काढला. तो देवाचा नव्हता." तू मान खाली घातलीस. बाहेर आल्यावर मला म्हणालास, "बराबर धरलं बुढीनं." त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला होता की मी तुला ते सांगितलंच नाही.

मग या उन्हाळ्यात तो आला, स्वतःला संदेष्टा म्हणवणारा. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याला फुकटची प्रसिद्धी नको. तुझ्याच मंडळीतल्या काहींनी त्याला बोलावलं होतं. मोठी गाडी, पांढरे बूट, सोबत कीबोर्ड वाजवणारा एकजण आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके. उतरला तुझ्या घरी. एक दिवस झाला, दोन झाले, तिसरा झाला. तू माझ्याकडे पाहून नुसता डोळा मारायचास. आणि एका दुपारी तू हसत हसत दुकानात आलास, तुला बोलताही येईना. म्हणालास, "मिलिंद्या, ताट! ताट मांगलं बे त्यानं! डोये मिटून प्रार्थना चालू, हात वरतं, अन् म्हनते, प्रभूची इच्छा हाये की आज या घरात कोंबडा व्हावा!" मी काउंटरवर डोकं टेकून हसलो. इतक्या जुन्या काळातला तो लबाड मेला नव्हता, डोणगावात येऊन जेवत होता. तू मग म्हणालास, "केला मार्थानं. पाहुना हाये. चांगला झाला होता."

शेवटच्या संध्याकाळी मात्र हसायचं काही नव्हतं. त्यानं मोठ्या आवाजात सांगितलं की प्रभूनं ही मंडळी त्याच्या स्वाधीन केली आहे, हॉल आणि माणसं त्याच्या मोठ्या मंडळीत सामील व्हावीत. लोक आमेन आमेन म्हणू लागले. तू उठलास. आवाजही चढवला नाहीस. "संदेश आइकला," म्हणालास. "आता इथल्या रिवाजापरमानं याची पारख होईन. तुमी खाली बसा." मी दारातून त्याचा चेहरा पाहिला. त्याला आयुष्यात कुणी खाली बस म्हटलं नसावं. त्यानं तुझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, जो पवित्र आत्म्याची पारख करायला निघाला आहे, त्याच्या घरातला दिवा नाताळाच्या आत विझेल. कीबोर्ड वाजत होता, तोही थांबला. कुठलंतरी लेकरू रडायला लागलं. पारख झालीच नाही.

अर्धी मंडळी त्याच्या मागं गेली. राहिलेले तुझ्याकडे असे पाहू लागले की जणू तू उधारीवर जगतोयस. तू हसण्यावारी नेलंस. दुकानात म्हणायचास, "नाताळाच्या दुसऱ्या दिवशी त्याले एक केक धाडतो, वरतं लिवतो, दिवा चालू हाये." मी हसायचो. मला वाटलं थट्टा आहे. तुझ्या डोक्यात तो दिवस खरोखर जाऊन बसला आहे, हे मला कसं कळावं? तू तर असा माणूस, की खरं ठरणं ही पारखच नव्हे, असं मला कितीदा घोकवलेलं.

दिवाळीनंतर तू दुकानात येणं कमी केलंस. विचारलं तर म्हणालास, नाताळाच्या नाटुकल्याची तालीम आहे, पोरं ऐकत नाहीत. मी मानलं. मग त्या सकाळी हॉल झाडता झाडता तू कोसळलास आणि मेहकरच्या रस्त्यावर जीपमध्येच गेलास. डॉक्टर म्हणाला हृदय. मीही तेच धरून चाललो होतो, अचानक आलं, कुणाच्या हातात काय होतं.

माती दिल्यानंतर मी वहिनींकडे गेलो ते दुसऱ्याच कामासाठी. कळलं होतं की तुझी स्मरणसभा घ्यायला तोच पांढऱ्या बुटांचा येणार आहे. त्याच्या माणसांनी वहिनींना सांगितलं होतं की शब्द तुझ्यावर नव्हता, घरावर होता, आणि तो अजून उतरलेला नाही. तो येईल, सभेत सगळ्यांसमोर तो शब्द उचलेल, मग घर मोकळं होईल. तोवर लेकीला, कृपाला, या घरात आणू नका. शांतवन, तुझी पोर पहिलटकरीण आहे. सातवा लागल्यावर माहेरी यायची होती. तू पाळण्याला रंग देऊन ठेवला होतास. आणि वहिनी मला सांगत होत्या, "मी कृपाले फोन करून सांगतलं, येऊ नको म्हनून. सासरीच कर बाळंतपन."

मी भडकलो. म्हणालो, हे सगळं थोतांड आहे. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुमी तं मानतच नाई. तुमाले कोनतंबी थोतांडच."

माझं म्हणणं त्या घरात चालणारं नव्हतं. मग काय केलं असेल मी? तुझं म्हणणं काढलं. मी, आयुष्यात कधी प्रार्थनेला हात न जोडलेला माणूस, तुझ्या स्वयंपाकघरात बसून तुझ्या बायकोला पहिल्या शतकातल्या मंडळ्यांचं संदेष्टेशास्त्र समजावून सांगत होतो. तीन दिवस राहिला की नाही? ताट मागितलं की नाही? खोटा संदेष्टाही अधूनमधून एखादं खरं बोलतो, म्हणून खरं ठरण्यावर जाऊ नका, असं शांतवन सांगायचा की नाही? आणि वहिनी, ज्याला शेजाऱ्याच्या घरात आग दिसते तो पाणी घेऊन धावतो. या माणसानं उन्हाळ्यापासून एकदा तरी फोन करून विचारलं का, पाळकबुवांची तब्येत कशी आहे? सगळं तुझंच बोलत होतो, तुझ्यासारखे हातवारेही करत होतो. तू ऐकलं असतंस तर माझी खिल्ली उडवली असतीस.

वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "त्याईले दिवाळीपासून दुखत होतं."

"कोनाले?"

"याईले. छातीत. डाव्या हातात कळ यायची. मेहकरातून पित्ताच्या गोळ्या आनायचे. मी म्हनली, डॉक्टरले दाखवा, भाऊले विचारा. तं म्हने, मिलिंदले सांगायचं नाई. तो मले ओढत नेईन, गावभर होईन, अन् लोक म्हनतीन शब्द खरा होऊन राह्यला. नाताळ होऊ दे, म्हने. सव्वीस तारखेले जाऊ आपन. मले शपथ घातली."

शांतवन, मी तिथंच बसलो होतो, तुझ्या चुलीसमोर, आणि मला तुझ्या कानाखाली द्यावीशी वाटली. छातीत कळ, हातात कळ, आणि तू पित्ताच्या गोळ्या खात होतास! त्या घ्यायलाही जीपनं मेहकरला जात होतास, कारण मी पाहिलं असतं. माझं अख्खं दुकान तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. तुला मी त्याच दिवशी बखोटीला धरून नेलं असतं, ते तुला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तू मला चुकवलंस.

कसला संदेष्ट्यांचा अभ्यास केलास रे तू? दिवसावर पारख होत नाही, चालीवर होते, हे तूच म्हणायचास ना? मग दिवस मोजत कोण बसलं? अर्धी मंडळी त्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवून गेली, आणि तू उलटा विश्वास ठेवलास. नाताळ उजाडला की तो खोटा आणि तू खरा, एवढंच तुझ्या डोक्यात उरलं होतं. म्हणजे त्यानं घालून दिलेल्या डावात तू उतरलास, त्याच्याच नियमानं खेळलास. त्याला तुझ्यावर करणी करावी लागली नाही, विष घालावं लागलं नाही. त्यानं नुसती एक तारीख दिली आणि बाकीचं सगळं तू केलंस. त्याला हरवायच्या हट्टात तू त्याचंच खरं करून दिलंस. गावात दुसऱ्या कुणाला ही चूक करता आली नसती. त्यासाठी इतकं शिकावं लागतं.

आणि या सगळ्यात तू वहिनींना कुठं नेऊन ठेवलंस, ते मला तेव्हा कळलं. वहिनी त्या माणसाला का धरून बसल्या होत्या? श्रद्धा म्हणून नव्हे. त्याचा शब्द देवाचा असेल तर तू जाणारच होतास, दवाखान्यात नेलं असतं तरी जाणारच होतास. मग त्यांचं गप्प बसणं हा गुन्हा उरत नाही. शब्द खोटा असेल तर मात्र त्यांनी नवऱ्याला दुखताना पाहिलं आणि शपथ पाळली. मी तावातावानं तुझी शिकवण सांगून त्यांच्या अंगावरचं शेवटचं पांघरूण ओढत होतो. तिथून उठून मी घरी जाऊन जेवलोही नाही.

स्मरणसभेला हॉल भरला होता. मंडळी सोडून गेलेले सगळे परत आले होते, तमाशा पाहायला. तो आला, पांढऱ्या बुटांत. तुझ्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. प्रभूचा शब्द पोकळ जात नाही, एवढंच परत परत बोलला. मग डोळे मिटून म्हणाला की आज तो या घरावरचा शब्द उचलतो आहे, आणि मंडळीनं आता तरी प्रभूच्या योजनेत यावं. म्हणजे हॉल. आमेन आमेन झालं. मी दारापाशी होतो. मी उठणार एवढ्यात पुढं वहिनी उठल्या.

"या मंडळीत पारखेचा रिवाज हाये," त्या म्हणाल्या. आवाज इतका लहान की मागचे माना पुढं काढून ऐकू लागले. "मी पारख करते. माह्या मालकाले दिवाळीपासून छातीत दुखत होतं. मले माहीत होतं. ते म्हनले, नाताळ होऊ दे, मंग जाऊ. मी हाव म्हनली. जीप दारापुढून जाते, अन् मी गप्प बसली. ते गेले ते दुखन्यानं गेले, अन् माह्या गप्प बसन्यानं गेले. ते माह्यं हाये. ते देवाच्या नावावर नका टाकू. अन् माह्या घरावरचं काई उचलू नका. माह्या घरावर काई नाई."

कुणी आमेन म्हटलं नाही. वहिनी उभ्याच होत्या, पुढच्या बाकाला धरून. शांतवन, तुझ्या हॉलमध्ये इतक्या वर्षांत जितके संदेश झाले असतील, त्यातला हा एक मी देवाचा म्हणून मानायला तयार आहे, आणि मी देव मानत नाही.

पण त्यातही एक चूक होती. ती मला दिसली होती, आणि तुझ्या नियमाप्रमाणं दिसली की सांगावी लागते. मी मंडळीचा नाही, तरी उठलो. म्हणालो, "वैनी बराबर बोलल्या, पन एका जागी चुकल्या. त्याईनं सगळा भार सोताच्या डोक्यावर घेतला. तो त्याईचा नाई. शपथ कोनी घातली? शांतवननं. दुखनं कोनी लपवलं? शांतवननं. कायच्यासाठी? या मानसाले खोटा पाडाच्या हट्टापायी. माह्या दोस्ताले कोन्या शब्दानं मारलं नाई, अन् त्याच्या बायकोनं तं बिलकुल मारलं नाई. तो आपल्या हट्टानं मेला. शहाना मानूस होता, अन् येड्यासारखा मेला."

स्मरणसभेत मेलेल्याला वेडा म्हणणारा मी पहिलाच असेन. एकदोघं खवळून उठले. तो पांढऱ्या बुटांचा म्हणाला की दुःखात बाईमाणसाला भान राहत नाही आणि अन्यजातीच्या, म्हणजे येशूला न मानणाऱ्या, लोकांना आत्मिक गोष्टी कळत नाहीत. मग त्यानं हाताची खूण केली, कीबोर्ड मोठ्यानं वाजायला लागला आणि गाणं सुरू झालं. सगळ्यांचे डोळे उघडले असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. अर्धे लोक त्याच्याबरोबर टाळ्या वाजवून गायले. बाकीचे गप्प बसून राहिले, ती भाजीवाली म्हातारी त्यांच्यात होती. वहिनी मात्र खाली बसल्या आणि रडल्या, माती दिल्यापासून पहिल्यांदा, मोकळ्यानं. त्याच संध्याकाळी त्यांनी कृपाला फोन लावला.

परवा कृपा आली. जावयानं आणून सोडलं. पोट चांगलं दिसायला लागलंय, चालताना हात कमरेवर ठेवते. मी भेटायला गेलो तेव्हा तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही, सरळ समोर बसली.

"काका, बाबाच्या छातीत दुखते हे तुमाले माहीत होतं का?"

"नाई पोरी," मी म्हणालो. "त्यानं मले सांगतलं नाई."

"तुमाले बी नाई?"

त्यानं मला सांगितलं नाही, हे वाक्य मला तुझ्या पोरीसमोर बोलावं लागलं, शांतवन. इतकी वर्षं रोज दुपारी माझ्या स्टुलावर बसून तू जगातलं सगळं मला सांगितलंस, आणि हे एक सांगितलं नाहीस. यासाठी मी तुला माफ केलेलं नाही. पुढं करीन असंही वाटत नाही.

मला वाटलं ती रडेल. ती चिडली. तुझ्यासारखीच, आधी कान लाल झाले. "असा कसा मानूस होता!" म्हणाली. स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "असाच होता." आणि मग आम्ही तिघं तुझ्यावर तोंडसुख घेत बसलो, पहिल्यांदाच, काही न लपवता. कृपा मध्येच हसली, मग रडली, मग पुन्हा चिडली. तुझ्यावर चिडणारे आता आम्ही तिघं आहोत. चौथं येतंय, त्यालाही आम्ही सगळं सांगणार आहोत.